सगळ्या बस इलेक्ट्रिक होणार, पण आराखड्यात प्रवासी कुठे आहे?

थांब्यावरची

नमस्कार मंडळी. आमच्या शहराच्या बससेवेसाठी समिती नेमली आहे आणि प्रवाशांच्या वतीने मला तिच्यावर घेतलंय. मी वाहतूकतज्ज्ञ नाही. शाळेत गणित शिकवते, गाडी चालवत नाही, कॉलेजपासून बसनेच फिरते.

पाच वर्षांत डिझेलच्या सगळ्या बस काढून इलेक्ट्रिक बस आणायच्या असं ठरलं आहे. कच्चा आराखडा वाचून काढला. बस किती घ्यायच्या, चार्जर किती क्षमतेचे, बॅटरीची हमी किती वर्षांची, सगळं तपशीलवार आहे. कुठल्या मार्गावर किती मिनिटांनी बस येणार याचा मात्र एकही तक्ता नाही. 'सर्वसमावेशक सेवा' या मथळ्याखाली एकच परिच्छेद आहे: बसला रॅम्प असेल, महिलांसाठी राखीव आसनं असतील.

माझ्या बसमध्ये घरकामाला जाणाऱ्या बायका असतात. मुलाला पाळणाघरात सोडायला एक बस, पहिल्या घरी जायला दुसरी, दुपारी दुसऱ्या घरी जायला तिसरी. प्रत्येक वेळी नवं तिकीट. शेजारच्या इमारतीतले एक आजोबा पहिली पायरी चढवत नाही म्हणून बसने जायचे बंद झाले आहेत. ही माणसं मला त्या आराखड्यात सापडली नाहीत.

पुढच्या बैठकीत लेखी सूचना द्यायच्या आहेत. नेमकं काय मागू? सुरुवात कुठून करायला सांगू? प्रदूषण कमी व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण बस नवी आली आणि सेवा आणखी रोडावली, असं होऊ नये यासाठी कागदावर काय लिहून घ्यावं लागतं?

---

वेळापत्रक_विभाग

ताई, तुम्ही गणित शिकवता हे फार बरं झालं. मी एका शहराच्या बससेवेत वेळापत्रकं आणि ड्युट्या लावण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. खरेदीपासून सुरू होणारा आराखडा उलटा असतो असं माझं ठाम मत आहे. आधी सेवा ठरवायची: कुठे, किती मिनिटांनी, पहाटे किती वाजल्यापासून रात्री किती वाजेपर्यंत. त्यावरून ड्युट्या, म्हणजे एकेका बसचं दिवसभराचं काम, निघतात, ड्युट्यांवरून बस, बसवरून बॅटरी, आणि चार्जरचा नंबर शेवटी लागतो.

तुमच्या मार्गाचं उदाहरण घेऊ. समजा, एक पूर्ण फेरी जाऊन-येऊन, दोन्ही टोकांची विश्रांती धरून, 120 मिनिटांची आहे. दर 10 मिनिटांनी बस हवी तर 12 बस लागतात. आता त्याच रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका दिली, गर्दीच्या चौकांत सिग्नलला बसला आधी सोडलं आणि फेरी 100 मिनिटांत होऊ लागली, तर 10 बस पुरतात. दोन बस न विकत घेताच मोकळ्या झाल्या. किंवा बाराच ठेवल्या तर दर आठ-सव्वाआठ मिनिटांनी बस येते. इलेक्ट्रिक बस महाग असते, म्हणून तिच्यासाठी हा हिशेब डिझेलपेक्षाही महत्त्वाचा. चौकात अडकून उभी राहिलेली बस बॅटरीही खाते, कारण एसी चालूच असतो. आराखड्यात बस मार्गिकेचं पान नसेल तर ती पहिली सूचना करा.

आता जे सहसा कोणी बोलत नाही ते सांगतो. शहरात चालणारी 12 मीटरची एसी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण एक ते दीड युनिट वीज घेते. ऊन, गर्दी, चढ वाढला की आकडा वर सरकतो. बॅटरी 250 युनिटची आहे असं धरा. काही वर्षांनी तिची क्षमता घटून 80 टक्क्यांवर येते, म्हणजे 200. ती पार रिकामी करायची नसते, तळाचे वीस टक्के राखून ठेवले की हातात 160 उरतात. किलोमीटरला 1.3 युनिट धरलं तर 123 किलोमीटर. डिझेलची बस दोन पाळ्यांत 200 किलोमीटर सहज मारते. तेवढं अंतर कापायला 260 युनिट लागतील, म्हणजे 100 युनिट कमी पडले. 120 किलोवॉटच्या चार्जरवर ते भरायला पाऊण तासाहून जास्त वेळ, वर चार्जरपर्यंतची ये-जा आणि रांग.

तो वेळ कुठून येणार? सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बस काढून घेतली तर बोंब होते, वर्तमानपत्रात येतं. म्हणून बस आत घेतली जाते दुपारी. 11 ते 4 या वेळेतल्या फेऱ्या गुपचूप विरळ होतात. आणि दुपारी बसमध्ये कोण असतं? तुमच्या घरकामाच्या बायका, दवाखान्यात निघालेले म्हातारे, शाळा सुटलेली मुलं, पाळीवरून परतणारे कामगार. ज्यांच्याकडे दुसरं साधन नाही त्यांच्याच वाट्याला बॅटरीची तूट येते. 'पर्यावरण' आणि 'समावेशकता' ही दोन वेगळी प्रकरणं करून चालत नाही ते यामुळे. तुमचा 'सर्वसमावेशक' परिच्छेद खरं तर दुपारच्या ड्युटी तक्त्यात लिहायचा असतो.

एका डिझेल बसच्या बदल्यात एक इलेक्ट्रिक बस, असं लिहिलेलं दिसलं की लगेच विचारा: कुठल्या ड्युट्यांवर? कडक उन्हाळ्यात, बस भरलेली असताना, बॅटरी जुनी झाल्यावर तो हिशेब बसतो का? बसत नसेल तर तीन वाटा आहेत: जास्त बस घ्या, मोठी बॅटरी घ्या, किंवा मार्गाच्या टोकाला चार्जर लावून विश्रांतीच्या वेळेत थोडं थोडं भरा. तिन्हीला पैसे लागतात. चौथी वाट फेऱ्या कापण्याची, तिचा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही म्हणून ती सगळ्यांना आवडते.

रिकाम्या किलोमीटरांचंही बघा. आगारातून बस मार्गावर यायला आणि रात्री परत जायला जे अंतर कापते त्यात प्रवासी नसतो. जागा मिळाली म्हणून शहराबाहेर एकच मोठं चार्जिंग आगार बांधलं, तर प्रत्येक बस रोज बॅटरीचा चांगला हिस्सा नुसतं जाण्यायेण्यात घालवेल.

आणि वीज. 100 बस, प्रत्येकीला रात्रीत 200 युनिट, म्हणजे 20,000 युनिट. सहा तासांत भरायचे तर तीन हजार किलोवॉटच्या वर भार जातो. त्याला उच्चदाबाची वेगळी वाहिनी आणि उपकेंद्र लागतं, आणि ते उभं राहायला बस येण्यापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो. बस येऊन आगारात उभ्या आणि वीजजोडणीचा पत्ता नाही, ही पाळी नको असेल तर जोडणीचा अर्ज बसच्या निविदेच्या आधी जायला हवा.

सगळं एका फटक्यात बदलू नका. चिलीच्या सांतियागो शहराचा अनुभव समितीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. 10 फेब्रुवारी 2007 रोजी तिथे 'ट्रान्सांतियागो' नावाने बसव्यवस्था एका दिवसात बदलली. मार्ग बदलले, थेट जाणाऱ्या बसच्या जागी बदल्या आल्या, बस कमी पडल्या, गाड्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा तयार नव्हती. कंत्राटदारांना उत्पन्नाची हमी होती, त्यामुळे बस रस्त्यावर काढली काय आणि न काढली काय, त्यांना फारसा फरक पडत नव्हता. शहराच्या कडेला राहणाऱ्या गरिबांचे हाल झाले, मेट्रोत चेंगराचेंगरीची गर्दी झाली, आणि राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच शहराने 2018च्या अखेरीस इलेक्ट्रिक बस आणायला सुरुवात केली तेव्हा आधी 100 बस घेतल्या आणि मग टप्प्याटप्प्याने संख्या वाढवली. बसची मालकी एकाकडे, चालवणं दुसऱ्याकडे अशी रचना केली. चालवणारा नीट वागला नाही तर त्याला बदलता येतं, बस शहरातच राहतात.

दक्षिण कोरियाच्या सोल शहराने 1 जुलै 2004 रोजी एका दिवसात बदल केला होता हे खरं. पहिल्या दिवसांत कार्डयंत्रं बिघडून गोंधळही झाला. तरी ते टिकलं, कारण रस्त्याच्या मधल्या बस मार्गिका, अंतरानुसार बस आणि मेट्रोचं एकत्र भाडं आणि कंत्राटदारांना किलोमीटरवर पैसे, हे सगळं एकत्र जुळवलेलं होतं. नुसती बस बदलून तो परिणाम साधला नसता.

---

पांढरी_काठी

वरच्या काकांनी ड्युटीचं सांगितलं, मी थांब्याचं सांगतो. मला जन्मापासून दिसत नाही. नोकरीला बसनेच जातो.

डिझेलची बस मला लांबून कळते. इलेक्ट्रिक बस कळते ती दार उघडताना हवा सुटल्याचा आवाज येतो तेव्हा, म्हणजे ती माझ्या पुढ्यात आल्यावर. शांत वाहनांना कमी वेगात ठरावीक आवाज करायला लावणारा संयुक्त राष्ट्रांचा 138 क्रमांकाचा नियम आहे, ताशी 20 किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी. ती यंत्रणा बसमध्ये असली पाहिजे आणि चालकाला ती बंद करता येऊ नये, हे निविदेत लिहून घ्या.

दुसरं, बसच्या बाहेरच्या बाजूला स्पीकर हवा. दार उघडलं की मार्ग क्रमांक आणि शेवटचा थांबा बाहेर ऐकू आला पाहिजे. आतल्या घोषणेचा उपयोग आत गेल्यावर. गर्दीच्या थांब्यावर एकामागे एक तीन बस लागतात. तिसरी बस मागेच दार उघडते, लोक धावत जाऊन चढतात, आणि पुढची जागा मोकळी झाल्यावर ती थांब्यावर न थांबता निघून जाते. मी थांब्याच्या खांबाला हात लावून उभा असतो आणि माझी बस माझ्यासमोरून गेलेली मला कळतसुद्धा नाही. मागे एकदा थांबली असली तरी प्रत्येक बसने थांब्याच्या पुढच्या टोकाला पुन्हा थांबायचं, असा नियम करायला एक पैसा लागत नाही. चालकांच्या प्रशिक्षणात तो पहिल्या दिवशी शिकवा.

रॅम्पबद्दल माझ्या व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीचं म्हणणं इथे मांडतो. रॅम्प बसला असून भागत नाही, बस फुटपाथच्या कडेला चिकटून लागली पाहिजे. थांब्यासमोर गाड्या उभ्या असल्या की बस रस्त्याच्या मध्ये थांबते, रॅम्प फुटपाथऐवजी रस्त्यावर टेकतो, आणि उतार इतका उभा होतो की दोन माणसांनी ढकलल्याशिवाय खुर्ची चढत नाही. म्हणजे रॅम्पची खरी किंमत थांब्याची उंची, थांब्यासमोरचं पार्किंग आणि फुटपाथ ठरवतात. बटणावर चालणाऱ्या रॅम्पपेक्षा हाताने उलगडायचा साधा रॅम्प कमी बिघडतो. रोज बस आगारातून निघण्याआधी तो एकदा उघडून पाहायचा आणि नोंदवहीत सही करायची. ब्रेक तपासल्याशिवाय बस सोडत नाहीत ना, मग रॅम्प तपासल्याशिवाय का सोडायची?

लंडनच्या नेहमीच्या सेवेतल्या बस 2005च्या अखेरीस लो-फ्लोअर, म्हणजे दारात पायरी नसलेल्या, झाल्या, पण थांबे तशा बसला साजेसे करण्याचं काम त्यानंतर कितीतरी वर्षं चालू राहिलं. तुमच्याकडे बस आणि थांबे यांचं काम एकाच मार्गावर एकाच वेळी करायला सांगा. आणि नमुन्याची बस आली की मोठी ऑर्डर देण्याआधी ती आम्हाला वापरून पाहू द्या. खांब कुठे लागतो, घंटीचं बटण कुठल्या उंचीवर आहे, आतला रंग कमी दिसणाऱ्याला उठून दिसतो का, हे आम्ही तासाभरात सांगतो. बस येऊन पोचल्यावर सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

माहिती फक्त मोबाईल ॲपवर ठेवू नका, एवढं शेवटचं.

---

पाना_नंबर_१३

आगारात फिटर आहे. थोडक्यात लिहितो, पाळी सुरू व्हायची आहे.

इलेक्ट्रिक बसला इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, इंजेक्टर नाही, क्लच नाही. म्हणून वरचे लोक म्हणतात माणसं कमी लागतील. पण दारं, ब्रेक, एअर सस्पेन्शन, एसी, टायर, बॉडी हे सगळं तसंच राहतं आणि बस रस्त्यात बंद पडण्याची कारणं यातच जास्त असतात. वीज मात्र सहाशे व्होल्टच्या आसपासची, कधी त्याहून जास्त. नारिंगी केबल दिसली की हात मागे. रबरी हातमोजे, इन्सुलेटेड हत्यारं, पुरवठा तोडून कुलूप लावल्याशिवाय झाकण न उघडणं, हे शिकायला वेळ लागतो, आणि ते बस यायच्या आधी शिकवलं पाहिजे.

बनवणारी कंपनीच दहा-बारा वर्षं देखभाल करणार, असं कंत्राट असेल तर आम्हाला बसला हात लावू देत नाहीत. कंत्राट संपेपर्यंत जुने फिटर निवृत्त झालेले असतात. मग शहराकडे बस असते, दुरुस्त करणारं कोणी नसतं. कंत्राटातच लिहा की देखभालीच्या पथकात आगाराची माणसं पहिल्या वर्षापासून असतील, आणि बिघाड वाचायचं सॉफ्टवेअर शहरालाही मिळेल. कंत्राटी चालकांचा पगार आणि कामाचे तास यांवरही एक कलम पाहिजे. दमलेला चालक बस कडेला चिकटवून लावत नाही, वरच्या भावाने सांगितलं ते यातूनच होतं.

महिला चालक हव्यात तर मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह बांधा. कोलंबियाच्या बोगोता शहराने 'ला रोलिता' नावाची सरकारी इलेक्ट्रिक बस कंपनी काढली, तिच्यात महिला चालकांची भरती मुद्दाम मोठ्या संख्येने केली. आमच्याकडे काम करणाऱ्या वाहक बायका पाळी संपेपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. इलेक्ट्रिक बसने त्यात काही बदलत नाही.

---

रात्रपाळी

इस्पितळात परिचारिका आहे. माझी एकच सूचना. रात्री दोन थांब्यांच्या मध्ये, घराच्या जवळ उतरू देणारी सोय मागा. कॅनडात टोरोंटोत ती 1991 पासून आहे, मॉन्ट्रियलमध्ये 1996 पासून. चालकाला आधी सांगायचं, सुरक्षित जागा बघून तो थांबवतो. यासाठी नवी बस लागत नाही. आणि रात्रीच बस चार्जिंगला लागणार आहेत, म्हणून शेवटची फेरी आधी ओढणार नाहीत ना, ते आत्ताच विचारून घ्या. आमची पाळी चार्जरच्या वेळेनुसार बदलत नाही.

---

थांब्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांच्या पद्धतीने माझ्या मार्गाच्या ड्युट्यांचा हिशेब मांडला. दुपारी साडेबारा ते तीनमध्ये बस आत घ्यावीच लागते, नाहीतर संध्याकाळची गर्दी निभत नाही. हे आकड्यांत बघितल्यावर समितीतल्या एका अभियंत्यांनी मान्य केलं की तक्ता जोडायला हवा.

पण आता दोन नवे प्रश्न समोर आले आहेत. कडेच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या मार्गांवर प्रवासी कमी, तेव्हा ते बंद करून इलेक्ट्रिक बस मुख्य रस्त्यांवर वापरायच्या असा प्रस्ताव आहे. तिथले लोक शेअर रिक्षाने येतील म्हणतात. आणि एक सदस्य म्हणतात की वीज कोळशापासूनच बनते, तेव्हा कार्बनचं काही खरं नाही, कशाला हा खटाटोप. दोन्हींना काय उत्तर देऊ?

---

वेळापत्रक_विभाग

कोळशाचं आधी, कारण ते सदस्य अर्धे बरोबर आहेत आणि त्यांना उडवून लावू नका.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एसी बस शहरात लिटरला तीन किलोमीटर देते असं धरा. 200 किलोमीटरला 67 लिटर, म्हणजे 180 किलो. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक बस 260 युनिट घेते. वीज जास्त करून कोळशाची असेल आणि युनिटमागे 0.7 किलो पडत असेल, तर 182 किलो. फरक जवळजवळ शून्य. पाणी, वारा, सूर्य यांची वीज वाढून तो आकडा 0.2 झाला की तीच बस 52 किलोवर येते. तेव्हा बसच्या कंत्राटासोबत विजेचंही कंत्राट हवं, आणि दिवसा सौरवीज जास्त असते तेव्हा दुपारचं चार्जिंग करता आलं पाहिजे. (त्यासाठी दुपारी बस आत घ्यायची तर वरच्या भांडणाकडे परत या: जादा बस घ्या, प्रवाशाची फेरी कापू नका.)

पण रस्त्यावरचा धूर आजच जातो, वीज कशाचीही असो. थांब्यावर उभा राहणारा माणूस दिवसभर डिझेलच्या एक्झॉस्टसमोर असतो, त्याच्यासाठी एवढं कारणही पुरेसं आहे. आणि कार्बनची खरी बचत दुसरीकडेच आहे. बसमध्ये 12 माणसं आहेत की 40, आणि त्यातले किती जण एरवी मोटार किंवा दुचाकी काढतील, यावर हिशेब फिरतो. दर आठ मिनिटांनी येणारी डिझेल बस शहराची हवा जितकी वाचवते, तितकी दर चाळीस मिनिटांनी येणारी इलेक्ट्रिक बस वाचवेल असं मला वाटत नाही. चीनच्या शेंझेनने 2017च्या अखेरीस 16,000हून जास्त बस इलेक्ट्रिक केल्या. तो मोठा पराक्रम आहे, पण त्यामागे सरकारचं भरघोस अनुदान होतं आणि शहरभर चार्जिंगची जागा केली होती. ते दोन्ही आपल्याकडे आहे का, हा प्रश्न समितीत विचारावाच लागेल.

आता कडेच्या वस्त्या. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक बससेवेला दोन कामं असतात आणि ती एकमेकांच्या विरोधात ओढतात. जास्तीत जास्त लोक वाहायचे तर बस मुख्य रस्त्यांवर ओताव्या लागतात. कोणालाही वाऱ्यावर सोडायचं नाही तर विरळ वस्तीतही बस न्यावी लागते, अर्धी रिकामी का असेना. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने 2015च्या ऑगस्टमध्ये मार्गांचं जाळं नव्याने आखलं. नकाशाला हात लावण्याआधी तिथल्या संचालक मंडळाने ठरवून घेतलं की 80 टक्के साधनं गर्दीच्या मार्गांना आणि 20 टक्के विरळ भागांना. ते प्रमाण तुमच्या शहराला योग्य असेलच असं नाही. पण ते उघडपणे, मतदानाने ठरवलं गेलं हे महत्त्वाचं. तुमच्याकडे हा निर्णय कोणीतरी फेऱ्या कापता कापता घेणार आहे. सूचनेत लिहा: विरळ भागांसाठी किती टक्के किलोमीटर राखून ठेवले, तो आकडा निवडून आलेल्या लोकांनी ठरवावा आणि दरवर्षी प्रसिद्ध करावा.

शेअर रिक्षावर सोडून देणं हे उत्तर नव्हे. त्यांना व्यवस्थेत घेणं हे उत्तर होऊ शकतं. केप टाऊनमध्ये 'मायसिटी' बस सुरू करताना त्या मार्गांवरच्या मिनीबस टॅक्सीवाल्यांना नव्या बस कंपन्यांत भागीदार करून घेतलं. सगळं सुरळीत झालं नाही, खर्चही खूप आला, पण ज्यांचं पोट त्या रस्त्यावर होतं त्यांच्याशी आधी बोलणी झाली. तुमच्याकडे छोटी इलेक्ट्रिक बस किंवा ठरावीक वेळेला सुटणारी नोंदणीकृत रिक्षा मुख्य मार्गापर्यंत आणून सोडत असेल तर चालेल, पण दोन अटींवर: वेळ ठरलेली हवी आणि तिकीट एकच हवं.

तिकिटाबद्दल तुम्ही पहिल्याच प्रश्नात सांगितलंत, तीन बस आणि तीन तिकिटं. ही तिकिटाची रचना नोकरीवर सरळ जाणाऱ्या आणि सरळ परत येणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. मूल सोडायचं, औषध आणायचं, मग कामावर जायचं, अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रवासाला स्पेनच्या इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी 'काळजीवाहू प्रवास' अशा अर्थाचं नाव दिलं आणि पाहणीत तो वेगळा मोजायला हवा असं सांगितलं. बहुतेक पाहण्यांत असा प्रवास 'इतर'मध्ये जातो. तुमच्या शहराची पाहणी होईल तेव्हा प्रश्नावलीत हा रकाना आहे का ते स्वतः बघा. आणि तिकीट दोन तासांसाठी धरा, त्यात कितीही बस बदला. प्रवास मोफत करायचा विषय निघेलच. एस्टोनियाच्या टालिन शहराने 2013 पासून नोंदणीकृत रहिवाशांना तो मोफत केला. गरिबाला त्याचा आधार होतो, ते मोलाचं आहे. पण तिकीट माफ झाल्याने मोटारवाला आपोआप बसमध्ये येत नाही, आणि बसच येत नसेल तर मोफत तिकिटाचं काय करायचं? पैसे एकदाच खर्च करता येणार असतील तर मी ते आधी फेऱ्यांवर घालेन.

कंत्राटात जपून. प्रवाशांच्या संख्येवर पैसे दिले की चालक प्रवासी पळवायला शर्यत लावतात आणि विरळ मार्ग टाळतात. किलोमीटरवर पैसे दिले की कंत्राटदाराला प्रवासी चढला काय नि राहिला काय सारखंच. म्हणून किलोमीटरचे पैसे, पण फक्त वेळेत पूर्ण झालेल्या फेरीचे. चुकलेल्या फेरीला दंड, आणि दिवसातल्या शेवटच्या फेरीला व विरळ मार्गावरच्या फेरीला दंड जास्त, कारण तिथे पुढची बस अर्ध्या तासाने किंवा थेट सकाळी येते. रॅम्प बंद असलेली किंवा बाहेरचा स्पीकर बंद असलेली बस ही रस्त्यावर नसलेली बस समजायची. असं लिहिलं की पांढरी_काठी यांची नोंदवही आपोआप भरली जाते.

---

पांढरी_काठी

बंद रॅम्प आणि बंद स्पीकरचं वाक्य जसंच्या तसं उचलून सूचनांमध्ये टाका, ताई.

---

थांब्यावरची

टाकते. एक शेवटचं विचारते, काका. डिझेलच्या बस कधी मोडीत काढायच्या? पाचव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी एकही राहता कामा नये असं आराखड्यात लिहिलंय.

---

वेळापत्रक_विभाग

तारखेला बांधू नका, अटीला बांधा. पहिला मार्ग निवडताना आगाराजवळचा, गर्दीचा आणि गरीब वस्तीतून जाणारा निवडा, म्हणजे नव्या बसचा फायदा आधी ज्यांनी धूर खाल्ला त्यांना मिळेल. त्यावर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. पाणी साचलेल्या रस्त्यातून बस जाते का, आगारात पाणी शिरलं तर चार्जर किती उंचीवर आहेत, वीज दोन तास गेली तर सकाळच्या पहिल्या फेऱ्या सुटतात का, हे सगळं त्यात दिसेल. त्या मार्गावर जेवढ्या फेऱ्या डिझेलवर होत होत्या तेवढ्या सलग तीन महिने, दुपार आणि रात्र धरून झाल्या, की त्याच मार्गाच्या सुस्थितीतल्या डिझेल बस राखीव म्हणून आगारात ठेवा आणि सगळ्यात जुन्या भंगारात द्या. मग पुढचा मार्ग घ्या. वीजजोडणी लांबली तर तारीख पुढे जाईल, फेऱ्या कमी होणार नाहीत, हे वाक्य ठरावात असू द्या. ते काढून टाकायला कोण सांगतं ते बघा, आणि सभेच्या इतिवृत्तात त्यांचं नाव लिहून घ्या.